सजीवसृष्टीचे नोंदणीकार : कै. डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. संतांची, समाजसुधारकांची, देशभक्तांची आणि दानशूरांची चरित्रे ज्ञातिबांधव आवडीने वाचतात व मुलांकडून वाचून घेतात. शास्त्रज्ञाच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. त्यातही ज्याने बाँब केला नाही, विमान उडविले नाही, तर डोहातील प्राणी आणि पानावरील बुरशी यांची नोंद ठेवण्यात हयात घालविली, त्याची आठवण कोणास होणार? यंदा संपादक मंडळाच्या अनुज्ञेने अशाच एका पुरुषाचे चरित्र सादर करीत आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतलाच माणूस आला पाहिजे, असा काही दंडक नाही. गुण जेथे असेल तेथून घ्यावा, हीच आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण आहे.

या लेखास निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे. मी कल्याणास शिक्षक असताना मुलांची सहल पुण्यास नेली होती. लॉ कॉलेजच्या बाजूच्या रस्त्याने जाताना एका चौकस मुलाने दोन पाट्या वाचल्या. रस्त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर यांचे आणि त्याच रस्त्यावरील एका मोठ्या संस्थेचे नाव आघारकर संशोधन संस्था. त्याने मला विचारले की, हे दोघे एकच काय? मी बेधडक होकार दिला आणि संस्थेच्या पाटीवर अक्षर चुकले असावे, असेही वर सांगून टाकले. पुढे वाचनात खरी हकीकत आली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आगरकर वेगळे, आघारकर वेगळे. एक सुधारकाग्रणी, दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ. तो विद्यार्थी आता संसारी गृहस्थ झाला आहे. त्याला त्या वेळी जे सांगावयास हवे होते, ते आज येथे लिहीत आहे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची रांग, असा तो मुलूख. त्या काळी कोकणातील हुशार मुलास दोनच वाटा मोकळ्या होत्या, एक वकिलीची आणि दुसरी सरकारी नोकरीची. सृष्टिविज्ञान हा पोट भरण्याचा विषय आहे, असे कोणासही वाटत नसे. अशा काळात आघारकरांनी मुंबई विद्यापीठाची उच्च पदवी संपादन केली आणि एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्राच्या अध्यापनाचे काम पत्करले. प्राणी आणि वनस्पती या दोन्ही शाखांत त्यांची गती होती. वर्गात शिकवून ते थांबले नाहीत. सुट्टी लागली की पिशव्या, बाटल्या आणि जाळी घेऊन सह्याद्रीत हिंडावे, जे जे दिसेल ते निरखावे, थोडे मद्यार्कात बुडवून आणावे आणि स्थळ व तारीख लिहून ठेवावी, असा त्यांचा क्रम असे.

या भटकंतीतच त्यांच्या हाती एक नवलाची वस्तू लागली. सातारा जिल्ह्यात कृष्णा आणि तिला मिळणाऱ्या नद्या उन्हाळ्यात आटतात, प्रवाह तुटतो आणि जागोजाग संथ डोह उरतात. अशा डोहांत आघारकरांना रुपयाएवढे, काचेसारखे पारदर्शक आणि उघडझाप करीत तरंगणारे इवले इवले जीव दिसले. समुद्रकाठच्या माणसाला हा आकार परका नव्हे. तो छत्रीसारखा जेलीफिश होता. पण जेलीफिश हा खाऱ्या पाण्याचा रहिवासी. समुद्रापासून इतक्या लांब, घाटाच्या पलीकडे, गोड्या पाण्यात तो आला कोठून? गुरे पाण्यावर नेणाऱ्या पोरांनी तो जीव पिढ्यान् पिढ्या पाहिला असेल. बायकांनी कळशीतून काढून टाकला असेल. परंतु हे काहीतरी जगावेगळे आहे, याची नोंद करावी असे वाटले ते आघारकरांना. पाहणे आणि ओळखणे यांत जे अंतर आहे, ते येथे दिसते.

गोड्या पाण्यातील जेलीफिश त्या वेळी जगाला अगदीच अपरिचित नव्हते. १८८० साली लंडनमधील एका बागेतील कमळांच्या हौदात तसा एक जीव अचानक प्रकट झाला होता आणि पंडितांची तारांबळ उडाली होती. पुढे १८८३ साली आफ्रिकेतील टांगानिका या प्रचंड सरोवरात दुसऱ्या तऱ्हेचा जेलीफिश आढळला. त्यास लिम्नोक्निडा हे वंशनाम मिळाले. हा वंश केवळ आफ्रिकेचा, अशी समजूत दृढ झाली होती. सह्याद्रीच्या डोहांतील जीव त्याच लिम्नोक्निडा वंशाचा निघाला. मध्ये अवघा अरबी समुद्र पसरलेला असताना हा नातलग येथे सापडावा, ही वार्ता मोठीच होती. १९११-१२ च्या सुमारास ती इंग्लंडातील ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकात आली आणि पश्चिम घाटाकडे जीवशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले.

येथे थोडे थांबून, नव्या जातीचे नामकरण म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. आपल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८६४ सालची. त्या वाचनालयात हजारो ग्रंथ आहेत. समजा, एखादा ग्रंथ कपाटात आहे, पण नोंदवहीत त्याचे नाव नाही. तो ग्रंथ असून नसल्यासारखा. तो हरवला तरी कोणास कळणार नाही, आणि कोणी मागितला तरी देता येणार नाही. सजीवांचेही तसेच आहे. स्वीडनचे पंडित कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी द्विनाम पद्धती रूढ केली. पहिले नाव वंशाचे, दुसरे जातीचे. आपल्याकडे आडनाव आणि नाव, त्यातलाच हा प्रकार. येथे जात हा शब्द शास्त्रीय अर्थाने घ्यावयाचा. ज्या जीवांची रचना समान आणि ज्यांची वंशवेल आपापसांत चालते, त्यांचा तो समूह.

मात्र एखाद्याच्या मनात आले आणि त्याने नाव ठेवले, असे चालत नाही. प्रथम नमुना जपून ठेवावा लागतो. मग जगभर त्या वंशाच्या ज्या ज्या जाती वर्णिलेल्या आहेत, त्या साऱ्यांशी तो ताडून पाहावा लागतो. एखाद्या सोंडेची लांबी किंवा एखाद्या बीजाणूचा आकार, अशा भेदांवर निर्णय ठरतो. भेद पक्के ठरले म्हणजे सविस्तर वर्णन छापून प्रसिद्ध करावयाचे. वनस्पती आणि कवक यांचे वर्णन तर २०११ अखेरपर्यंत लॅटिन भाषेतच देणे बंधनकारक होते. इंग्रजीची मुभा १ जानेवारी २०१२ पासून मिळाली. ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो नमुना कायमचा एखाद्या संग्रहालयात ठेवावयाचा. पुढे शंभर वर्षांनी कोणास शंका आली तर त्याने तो नमुना उघडून पाहावा. जन्माचा दाखला आणि जमिनीचा सातबारा या दोहोंचे काम तो एकटा नमुना करतो.

सह्याद्रीच्या त्या जेलीफिशचे नाव लिम्नोक्निडा इंडिका असे ठेवण्यात आले. ते ठेवले कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे जातीच्या नावापुढे वर्णनकर्त्याचे नाव लागते, शोधकाचे नव्हे. म्हणून जगातील ग्रंथांत त्या जीवापुढे अ‍ॅनंडेल हे नाव आहे, आघारकर हे नाही. हा अन्याय झाला, असे म्हणण्याचा मोह आपणांस होईल. पण तसे म्हणणे बरोबर होणार नाही. वर्णन करणारा त्या निर्णयाची जबाबदारी घेतो. निर्णय चुकला तर जगाचे बोल त्यालाच ऐकावे लागतात. अ‍ॅनंडेल हे गुणग्राही विद्वान होते. १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था त्यांच्याच प्रयत्नाने उभी राहिली. त्यांचे सहकारी ग्रेव्हली यांनी आघारकरांच्या जोडीने या जेलीफिशच्या सवयी आणि त्याची ठिकाणे यांवर लेख लिहिला, तो १९१२ साली म्युझियमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथे आघारकरांचे नाव बरोबरीने आहे.

खरा प्रश्न मानाचा नव्हता, साधनांचा होता. डोह आपला, जीव आपला, पाहणारे डोळे आपले. पण तो जीव नवा की जुना हे ठरविण्यासाठी लागणारे तुलनेचे नमुने, ग्रंथ आणि संग्रह महाराष्ट्रात कोठे होते? येथील अभ्यासकाने गोळा करावे आणि निर्णय मात्र कलकत्त्यात अथवा थेट लंडनमध्ये व्हावा, असा तो काळ होता. आपण हमाल आणि मोजणारा दुसरा, अशीच ती स्थिती. आघारकरांनी याविषयी रडगाणे गाईले नाही. त्यांनी ती विद्या शिकून घेतली. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे केले, त्याचे मूळ माझ्या अल्पमतीप्रमाणे त्या डोहाच्या काठीच आहे.

योगायोग पाहा. १९१२ च्याच जानेवारीत जर्मनीत वेगेनर या शास्त्रज्ञाने खंड सरकतात, हा आपला सिद्धांत प्रथम मांडला. आफ्रिका आणि हिंदुस्थान हे भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांस जोडलेले होते, हे आज शाळकरी मुलांच्या पुस्तकातही आहे. त्या वेळी मात्र मध्ये भूमीचा पूल होता आणि तो बुडाला, असे पंडित मानीत. एक इवलासा जीव दोन खंडांत सापडतो तेव्हा केवढे प्रश्न उभे राहतात, याची यावरून कल्पना येईल. जीव जेथे आहे तेथे तो कसा पोहोचला, हा प्रश्न आघारकरांच्या मनात कायमचा घर करून राहिला असावा. कारण त्यांचा पुढील प्रबंधही त्याच जातीच्या प्रश्नावर आहे.

१९१४ साली कलकत्त्यास विज्ञान महाविद्यालयाची उभारणी झाली. सर आशुतोष मुखर्जींची दूरदृष्टी आणि तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन वकिलांचे दान, यांतून हे कार्य घडले. स्वकष्टाचे लक्षावधी रुपये या दोघांनी विद्येसाठी मोकळ्या हाताने दिले. या देणगीतून जी अध्यापकपदे निर्माण झाली, ती हिंदी विद्वानांनाच द्यावयाची, असा संकेत होता. रासबिहारी घोष यांच्या नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मालवणच्या आघारकरांना मिळाले. बंगालमधील विद्यापीठाने प्रांताचा विचार न करता एका मराठी तरुणाला बोलावून घेतले, ही गोष्ट त्या विद्यापीठास आणि त्या तरुणास सारखीच भूषणावह आहे.

पदाबरोबर परदेशी उच्च अध्ययनाची सोय होती. आघारकर बर्लिनला गेले. तेथे आडोल्फ एंग्लर हे वनस्पतींच्या वर्गीकरणातील जगन्मान्य आचार्य होते. त्यांच्या देखरेखीखालील दाहलेम येथील वनस्पतिसंग्रह जगातील अग्रगण्य संग्रहांपैकी एक होता. परंतु आघारकरांचे पाऊल तेथे पडते न पडते तोच पहिले महायुद्ध पेटले. हिंदुस्थान इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून हिंदी माणूस इंग्रजांचा प्रजाजन, आणि इंग्रज हे जर्मनीचे शत्रू. त्यामुळे ज्यांनी आपणांस गुलाम केले, त्यांचाच माणूस म्हणून आघारकरांना काही काळ स्थानबद्ध व्हावे लागले. पदार्थविज्ञानाचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही त्याच वेळी जर्मनीत अडकून पडले होते. परदेश, परभाषा, अन्नाची टंचाई आणि घरचे पत्र मिळण्याची मारामार, अशा स्थितीत आघारकरांनी अभ्यास सोडला नाही. वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष आणि क्षारयुक्त भूमीतील वनस्पती कोठून आल्या व कशा पसरल्या, या विषयावर त्यांनी जर्मन भाषेत प्रबंध लिहून बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. युद्ध संपल्यावर ते स्वदेशी परतले, ते एंग्लर यांचे शिष्य म्हणून.

पुढील सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा विभाग सांभाळला आणि वाढविला. बालीगंजच्या इमारतीत त्यांनी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तयार केले. भारतीय विज्ञान परिषदेचे चिटणीसपद त्यांनी अनेक वर्षे वाहिले. चिटणीसपद म्हणजे काय, हे मंडळाचे काम केलेल्या बांधवांना सांगावयास नको. सत्कार अध्यक्षाचा आणि धावपळ चिटणीसाची. देशभरच्या शास्त्रज्ञांना दरवर्षी एकत्र आणणे, निबंध मागविणे, ते छापून घेणे, हिशेब ठेवणे, ही सारी निरलस सेवा त्यांनी केली. संस्था कशी चालते आणि कशी बुडते, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले असले पाहिजे.

कलकत्त्यात त्यांच्या डोळ्यांसमोर आणखी एक उदाहरण होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांच्या वर्गणीतून विज्ञानाच्या संवर्धनासाठी एक संस्था स्थापन केली होती. त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली तो जगप्रसिद्ध शोध लावला. सरकारी कृपेवाचून, लोकांच्या पैशावर उभी राहिलेली संस्था काय करू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले. अशी संस्था आपल्या महाराष्ट्रात का नसावी, हा विचार आघारकरांच्या आणि इतर विद्याप्रेमी मंडळींच्या मनात घोळत होता. त्यातूनच १९४६ साली पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी जन्मास आली आणि तिचे संस्थापक संचालक म्हणून आघारकरांनी सूत्रे हाती घेतली.

त्या वेळी त्यांचे वय एकसष्ट-बासष्टचे होते. आम्हा सेवानिवृत्त मंडळींनी हा आकडा नीट ध्यानात घ्यावा. कलकत्त्याची मानाची नोकरी संपलेली, नाव झालेले, आता निवांतपणे विश्रांती घ्यावी, असे ते वय. आम्ही त्या वयात सकाळी फेरफटका, दुपारी वामकुक्षी आणि संध्याकाळी कट्ट्यावर नव्या पिढीची उणीदुणी, असा दिनक्रम ठेवतो. आघारकरांनी त्या वयात शून्यापासून संस्था काढली. पैसा नाही, उपकरणे तुटपुंजी, माणसे मोजकी. पगाराची तारीख उजाडे आणि तिजोरी रिकामी असे. अशा एका प्रसंगी पत्नीचे मंगळसूत्र गहाण ठेवून त्यांनी नोकरवर्गाचे पगार भागविले, अशी आठवण सांगितली जाते. घर चालविण्यासाठी दागिना मोडणारे आपण पाहिले आहेत. परक्याच्या चुलीसाठी तो गहाण ठेवणारा विरळा, आणि त्यास संमती देणारी गृहिणी त्याहून विरळा. या माउलीचे ऋण महाराष्ट्राने विसरता कामा नये.

विज्ञानवर्धिनीत ज्या शाखा रुजल्या, त्यांत कवकशास्त्राचे स्थान मोठे आहे. कवक म्हणजे बुरशी. आपणांस बुरशी आठवते ती लोणच्यावर किंवा पावसाळ्यात चपलांवर आलेली. श्रावणात मुरबाड-शहापूरकडच्या बाया कल्याणच्या बाजारात अळंबी आणतात, तीही कवकच. भातावर पडणारा करपा, गव्हावरील तांबेरा, द्राक्षावरील भुरी हे सारे कवकांचे प्रताप. उलट १९२८ साली सापडलेले पेनिसिलिन, ज्याने लक्षावधी माणसे वाचविली, तेही कवकाचेच देणे. मारक कोण आणि तारक कोण, हे ठरविण्यासाठी आधी तो जीव कोण, हे कळले पाहिजे. नाव चुकले की औषध चुकते आणि शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. नामकरण हा पंडितांचा रिकामा खेळ नव्हे, तो यासाठी.

ही शाखा प्रा. मुंडकूर नारायण कामत यांच्या मार्गदर्शनाखाली वाढली. सह्याद्रीच्या जंगलात जावे, डाग पडलेले पान खुडावे, कागदात दाबून वाळवावे, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे मोजमाप घ्यावे आणि जगातील ज्ञात जातींशी ताडून पाहावे, असे हे काम. डोळे शिणतात, पाठ मोडते, आणि शंभर पाने तपासावीत तेव्हा एखादे नवे निघते. अशा कष्टांतून कवकांच्या कितीतरी नव्या जाती आणि नवे वंशही महाराष्ट्रातून जगाच्या नोंदवहीत गेले. १९६४ साली प्रा. कामत आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने एका नव्या कवकवंशास आजरेकरेला हे नाव दिले. ते महाराष्ट्रातील ज्येष्ठ कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या स्मरणार्थ. संस्थेतील कवकांच्या संग्रहासही आजरेकरांचेच नाव आहे. १९११ साली जीव आपला आणि निर्णय कलकत्त्याचा, अशी स्थिती होती. पन्नास-बावन्न वर्षांत सह्याद्रीतील पान पुण्यातच तपासले जाऊ लागले, निर्णय तेथेच होऊ लागला, नमुना तेथेच राहू लागला आणि नाव मराठी गुरूचे लागले. आघारकरांनी काय साधले, ते या एका उदाहरणात पाहावे.

संग्रह आपल्या जवळ असावा, आणि तो एकाच ठिकाणी नसावा, याचे महत्त्व १९४३ या साली दोनदा दिसून आले. त्या वर्षी मार्चमध्ये बर्लिनवर बाँबवर्षाव झाला आणि ज्या दाहलेमच्या संग्रहात आघारकरांनी तरुणपणी अभ्यास केला होता, त्याचा फार मोठा भाग जळून खाक झाला. असंख्य जातींचे मूळ नमुने त्यात गेले. त्याच वर्षी, युद्धाच्या भीतीने कलकत्त्याहून काशीस हलविलेल्या आपल्या प्राणिसर्वेक्षणाच्या संग्रहात वरुणा नदीच्या पुराचे पाणी शिरले. एकीकडे अग्नी आणि दुसरीकडे जल. दोन पिढ्यांचे कष्ट काही तासांत गेले. सर्व भार एकाच ठिकाणी ठेवू नये, हा व्यवहारातील नियम विद्येलाही लागू आहे.

१९४६ पासून अखेरपर्यंत आघारकर या संस्थेसाठी झिजले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे संस्था कोलमडली नाही, हीच त्यांच्या कार्याची खरी परीक्षा. डॉ. देवडीकर यांच्यासारख्या कर्तबगार शास्त्रज्ञांनी ती पुढे नेली. पुढे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे साहाय्य तिला लाभले. संस्थेने काढलेली गव्हाची आणि सोयाबीनची वाणे एमएसीएस या अक्षरांनी ओळखली जातात. ही अक्षरे विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आहेत. बियाणे घेणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नसेल, पण पीक ठाऊक आहे. कवकांच्या जिवंत वाणांचा राष्ट्रीय संग्रहही आज याच संस्थेत आहे. १९९२ साली, म्हणजे संस्थापकाच्या निधनानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी, संस्थेस आघारकरांचे नाव देण्यात आले. हयातभर ज्याने इतरांची नावे नोंदविण्याची सोय केली, त्याचे स्वतःचे नाव असे उशिरा पाटीवर आले. आणि आले तेही आगरकर रस्त्यावर, जेथे माझ्यासारख्या शिक्षकाने ते चूक ठरवून टाकले!

आता कोणी म्हणेल, या साऱ्याचा आम्हा कल्याणकरांशी संबंध काय? आमच्याकडे जंगल उरले कोठे? जिकडे तिकडे इमारती आणि लोकलची गर्दी. त्यास उत्तर आहे. २०२१ साली उडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्याची एक नवी जात शास्त्रज्ञांनी वर्णिली, ती आपल्याच ठाणे-कल्याण परिसरातून. तिचे नाव आयसियस तुकारामी. २००८ साली मुंबईवरील हल्ल्यात अतिरेक्यास जिवंत पकडून देताना ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे ते स्मारक. ओंबळे यांचे गाव सातारा जिल्ह्यातले. ज्या जिल्ह्याच्या डोहात आघारकरांना जेलीफिश दिसला, त्याच जिल्ह्याच्या सुपुत्राचे नाव आपल्या अंगणातील कोळ्याने धारण करावे, हा योग मनास सुखवितो. दगडी पुतळा झिजेल, पण जातीचे नाव ग्रंथांत राहील.

जगात आजवर कवकांच्या सुमारे दीड लाख जातींचे वर्णन झाले आहे. प्रत्यक्षात त्या वीस लाखांहून अधिक असाव्यात, असा तज्ज्ञांचा २०१७ सालचा अंदाज आहे. म्हणजे बहुतेक नोंदवही अजून कोरीच आहे. ती भरण्यापूर्वीच कित्येक जाती नाहीशा होतील. नाव नसलेला जीव गेला, तर त्याचे सुतक कोण पाळणार?

आपल्या मंडळाकडून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. व्यासपीठावर आलेल्या मुलांना पुढे काय होणार असे विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात, डॉक्टर अथवा इंजिनिअर. ती चांगलीच आहेत. परंतु एखादे मूल पावसाळ्यात भिंतीवरच्या बुरशीकडे टक लावून बसले किंवा काळ्या तलावाच्या काठी किडे निरखीत राहिले, तर पालकांनी त्यास वेडे ठरवू नये. त्याच्या हाती एक वही द्यावी आणि काय पाहिले, कोठे पाहिले, कोणत्या तारखेस पाहिले, हे लिहावयास सांगावे. आघारकरांची सुरुवात याहून फार वेगळी नव्हती. आणि आम्ही वृद्धांनी एकसष्टाव्या वर्षी संस्था काढणाऱ्या त्या पुरुषाचे स्मरण करून, मंडळाच्या शिक्षणनिधीकडे व वाचनालयाकडे आपला वेळ आणि यथाशक्ति द्रव्य वळवावे.

ज्या विद्यार्थ्यास मी चुकीचे उत्तर दिले, त्याचे चिरंजीव यंदा नववीत आहेत. ही स्मरणिका त्यांच्या घरी पोहोचेल. पाटीवरचे अक्षर बरोबर होते, चूक गुरुजींची होती, एवढे त्यांनी आपल्या वडिलांस वाचून दाखवावे, ही विनंती. कै. डॉ. आघारकरांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन करून हा लेख पुरा करतो.